फॉलआउट न्यू वेगास : नवख्याने पहिलं कॅरेक्टर कसं बनवावं?

हिंग_जिरं

नमस्कार मंडळी. प्राइमवरची मालिका बघून संपली आणि डोक्यात किडा शिरला की मूळ गेम खेळायचाच. लॅपटॉप म्हातारा आहे, नवीन काही त्याला पेलत नाही. २०१० चा न्यू वेगास मात्र सेलमध्ये चहा-वडापावच्या भावात मिळाला आणि विशेष म्हणजे चालतोय.

पण गाडी पहिल्याच घरात अडकली आहे. चौकड्यांचा कोट घातलेला एक इसम डोक्यात गोळी घालतो, मग गुडस्प्रिंग्स नावाच्या गावात डॉक मिचेलच्या पलंगावर डोळे उघडतात, आणि तो म्हातारा लगेच एका यंत्रासमोर उभं करतो. स्ट्रेंग्थ, पर्सेप्शन, एन्ड्युरन्स, करिझ्मा, इंटेलिजन्स, अ‍ॅजिलिटी, लक. सात खाने, एकूण ४० पॉइंट. पुढे १३ स्किल्समधून तीन टॅग करायची, वर ट्रेट्सही निवडायचे.

यूट्यूबवर एक जण म्हणतो इंटेलिजन्स ९ च्या खाली असेल तर खेळूच नका. दुसऱ्याला लक १० हवं. तिसरा म्हणतो करिझ्मा १ आणि बाकी सगळं ८. बेरीज करून बघितली, सगळ्यांचं मिळून ४० मध्ये बसत नाही.

माझ्याबद्दल: बंदुकीचे गेम फार खेळलेले नाहीत, नेम दिव्य आहे. बोलून काम होत असेल तर आधी बोलणार. बंद कुलूप दिसलं की उघडावंसं वाटतं. बॉम्ब, हाणामारी, लेझर वगैरेंत रस नाही.

अट एकच, कथा फोडू नका.

पंचगंगा_एक्सप्रेस

या ताई, मोहावेत (गेममधलं वाळवंट) स्वागत आहे. कॅरेक्टर कसलंही करा, पण गावाबाहेर पडलात की उत्तरेला जाऊ नका. वेगासचे दिवे तिकडेच दिसतात, रस्ता सरळ वाटतो, तरी जाऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच. मी चहा घेऊन बसलोय.

हिंग_जिरं

उत्तरेला काय आहे?

पंचगंगा_एक्सप्रेस

कथा फोडायची नाही असं तुम्हीच म्हणालात ना :)

तिरफळ

तुमचं अर्धं काम तुम्हीच करून ठेवलंय. बॉम्ब नको, हाणामारी नको, लेझर नको, म्हणजे एक्स्प्लोझिव्हज, मेली, अनआर्म्ड आणि एनर्जी वेपन्स ही चार स्किल्स कटाप. उरली नऊ. नवखा माणूस या गेममध्ये रडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: दर लेव्हलला मिळालेले पॉइंट तो सगळ्यांना थोडे थोडे प्रसादासारखे वाटत बसतो. लेव्हल १० ला त्याची १३ च्या १३ स्किल्स तिशीत असतात आणि एकही दार उघडत नाही. त्यामुळे काय करायचं नाही हे आधी ठरवा. सात खान्यांतले आकडे त्यामानाने दुय्यम आहेत.

आता टॅग. टॅग केलेल्या स्किलला सुरुवातीलाच १५ पॉइंट मिळतात, नंतर त्याचा वेगळा फायदा काही नाही. मी तीन कामांसाठी तीन टॅग ठेवतो: एक जीव वाचवायला, एक तोंड चालवायला, एक हात चालवायला.

जीव वाचवायला गन्स. गोळ्या आणि बंदुका पहिल्या तासापासून सगळीकडे मिळतात. लेझरवाल्यांना सुरुवातीला दारूगोळ्यासाठी वणवण करावी लागते. तुम्ही निघताना डॉक ९ एमएमचं पिस्तूल देतो, आणि गावातली सनी स्माइल्स वार्मिंट रायफल हातात देऊन शिकवते.

तोंडासाठी स्पीच, त्यात चर्चा नको.

हातांसाठी मी रिपेअर म्हणेन. तुम्हाला लॉकपिकचा मोह होणार, तरी रिपेअरच घ्या. इथे बंदूक वापरून झिजते आणि झिजली की मार कमी करते. दोन सारख्या बंदुका एकत्र करून एक धड बंदूक बनवायची, हे या गेममधलं रोजचं काम. दुकानदाराकडून करून घ्यायला गेलात तर कॅप्स, म्हणजे तिथला पैसा, पाण्यासारखा जातो. पुढे रिपेअर ९० आणि लेव्हल १४ झाली की जुरी रिगिंग नावाचा पर्क (लेव्हल वाढली की निवडायची खास क्षमता) घेता येतो. त्याने एका जातीच्या बंदुकीवर जवळपासच्या दुसऱ्या जातीची बंदूक वापरून दुरुस्ती होते. तो पर्क मिळाल्यावर पैशांची ददात संपते.

लॉकपिकला टॅग लागत नाही, कारण कुलपांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: २५, ५०, ७५, १००. (अगदी सोपी कुलपं शून्यातही उघडतात.) तुमचं स्किल ४९ असलं तरी ५० चं कुलूप बंदच राहतं, म्हणजे २६ ते ४९ मधला पॉइंट नुसता पडून. म्हणून लॉकपिक वाढवायचं तर एका दमात पुढच्या पायरीपर्यंत, नाहीतर हात लावायचा नाही. कॉम्प्युटर हॅक करण्यासाठी सायन्सचंही तसंच.

सात खान्यांचं सविस्तर जेवून आल्यावर लिहितो.

वजाबाकी

तिरफळ जेवून येईपर्यंत इंटेलिजन्सचा हिशोब मांडतो, कारण सगळ्यात जास्त अफवा त्याच्याबद्दल आहेत.

दर लेव्हलला स्किल पॉइंट मिळतात १० अधिक इंटेलिजन्सच्या निम्मे. अर्धा पॉइंट पुढच्या लेव्हलला जमा होतो, बुडत नाही. मूळ गेममध्ये लेव्हल ३० पर्यंत जाता येतं, म्हणजे २९ वेळा पॉइंट मिळणार. इंटेलिजन्स ५ ला १२.५ प्रमाणे ३६२, इंटेलिजन्स ९ ला १४.५ प्रमाणे ४२०. फरक ५८ चा. आख्ख्या गेममध्ये अर्ध्याहून थोडं जास्त एक स्किल.

आणि लेव्हल ४ ला एज्युकेटेड हा पर्क घेतला (इंटेलिजन्स ४ पुरतं) तर पुढच्या प्रत्येक लेव्हलला २ पॉइंट जादा. २६ लेव्हल गुणिले २, ५२ झाले. म्हणजे एका पर्कने जवळपास तोच फरक भरून निघतो. लवकर घेतला तरच उपयोग, लेव्हल २० ला घेऊन काही हाती लागत नाही.

इंटेलिजन्स वाईट म्हणत नाही. ते ९ नसेल तर कॅरेक्टर वाया गेलं ही ओरड खोटी आहे, एवढंच. ६-७ छान.

जुनाट_डबा

यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं का सांगतो, त्याचं एक कारण असं की चार वेगवेगळ्या गेमचे सल्ले एकाच भांड्यात पडलेले असतात.

१९९७ चा पहिला फॉलआउट वरून दिसणारा, आळीपाळीने चाली करायचा. तिथे अ‍ॅजिलिटी १० म्हणजे एका पाळीत जास्त चाली, म्हणून आम्ही डोळे मिटून अ‍ॅजिलिटी चढवायचो, आणि गिफ्टेड नावाचा ट्रेट घ्यायचो. न्यू वेगासमध्ये गिफ्टेड नाहीच. २००८ चा फॉलआउट ३ बंदुकीतून बघायचा झाला. त्यात बोलणं यशस्वी होण्याची टक्केवारी असायची, आणि दर लेव्हलला पर्क मिळायचा. न्यू वेगासमध्ये पर्क एक लेव्हल सोडून मिळतो, ३० लेव्हलपर्यंत फक्त १५. २०१५ च्या फॉलआउट ४ मध्ये तर स्किल्सच काढून टाकली, आणि तिथे समोरच्याला पटवायला करिझ्माच लागतो.

त्यामुळे 'फॉलआउटमध्ये करिझ्मा ठेवाच' असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, कुठल्या.

अवांतर: ही सात खान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची 'स्पेशल' पद्धतही नाइलाजाने जन्मलेली. पहिला फॉलआउट मुळात गर्प्स या टेबलावर खेळायच्या पद्धतीवर बेतलेला होता. परवानगीचं गणित फिसकटलं आणि गेम बराचसा तयार असताना इंटरप्लेच्या लोकांनी घाईघाईत स्वतःची पद्धत उभी केली. तीच आज इतकी वर्षं चाललीय.

हिंग_जिरं

धन्यवाद! जुनाट_डबा, हे चार गेमचं आत्ता कळलं.

पण एक पटत नाहीये. मी बोलणारं पात्र खेळणार आणि करिझ्मा १? ज्याच्याकडे बघून माणसं रस्ता बदलतात असा इसम गोड बोलून कामं करून घेतो, हे कसं काय?

तिरफळ

जेवून आलो. करिझ्मापासूनच सुरू करतो.

या गेममध्ये बोलताना गेम थेट स्पीचचा आकडा बघतो. लागणारा आकडा आणि तुमचा आकडा वाक्याशेजारी लिहिलेला असतो. पुरेसा असेल तर काम शंभर टक्के, एक कमी असला तरी नाही. नशिबाचा भाग शून्य. करिझ्माचा संबंध दोनच ठिकाणी: सुरुवातीच्या स्पीच आणि बार्टरमध्ये (घासाघिशीचं स्किल) प्रत्येक पॉइंटमागे २ ची भर, आणि बरोबरच्या साथीदारांचा मार आणि चिलखत थोडं वाढतं.

आता तुमच्या गावातलंच उदाहरण. गुडस्प्रिंग्समध्ये लवकरच गावावर संकट येतं (एवढं फोडलेलं चालेल, पहिल्याच तासात आहे). गावकऱ्यांना मदतीला उभं करायचं असतं. दारूच्या गुत्त्यातल्या ट्रुडीला स्पीच २५ ने पटवता येतं, दुकानदार चेटला बार्टर २५ ने, इझी पीटला एक्स्प्लोझिव्हज २५ ने, डॉकला मेडिसिन २५ ने.

सुरुवातीचं स्किल काढायची रीत: २, अधिक संबंधित खान्याच्या दुप्पट, अधिक लकचे निम्मे (अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक). लक ७ धरू. करिझ्मा १ असेल तर स्पीच २ + २ + ४ म्हणजे ८, टॅगचे १५ धरून २३. दोनाने हुकलं! करिझ्मा २ ठेवलात तर नेमके २५. ३ ठेवलात तर २७. एवढाच काय तो खेळ. आणि २३ असले तरी मासिक वाचून तात्पुरते १० वाढतात, लेव्हल २ ला तर १२-१३ पॉइंट हातात येतातच.

म्हणून करिझ्मा २ किंवा ३. पात्राचं स्पष्टीकरण हवंच असेल तर डोक्यात गोळी खाऊन नुकतीच थडग्यातून उठलेली बाई आहे, दिसायला भयंकर असणारच.

बाकी खाने:

स्ट्रेंग्थवर ओझं ठरतं, १५० अधिक दर पॉइंटमागे १०. मोठ्या बंदुकांना ठरावीक स्ट्रेंग्थ लागते, कमी असेल तर नेम हलतो. तुम्हाला ५ पुरे.

पर्सेप्शन वाढलं की होकायंत्रावर शत्रू लांबून दिसतात. लॉकपिक यावर अवलंबून. ५-६.

एन्ड्युरन्स म्हणजे जीव, दर पॉइंटला २०. त्यात आणखी एक मेख आहे, त्यावर लकवाले बोलतीलच.

अ‍ॅजिलिटीवर व्हॅट्स चालतं. व्हॅट्स म्हणजे खेळ थांबवून शत्रूच्या कुठल्या अवयवावर मारायचं ते निवडायची सोय. तुमचा नेम दिव्य आहे म्हणालात, तर व्हॅट्सशी मैत्री करा आणि अ‍ॅजिलिटी ६ च्या खाली नेऊ नका. गन्स स्किलही यावरच.

काळी_मैना

लकवाली हजर!

लक सगळ्याच स्किल्सना थोडं थोडं वाढवतं, वर्मी घाव लागण्याची शक्यता दर पॉइंटला एक टक्का. पण खरी मजा कॅसिनोत. वेगास आहे शेवटी. लक ७-८ च्या पुढे गेलं की ब्लॅकजॅकचे पत्ते तुमच्या बाजूने पडायला लागतात, ९-१० ला तर लाज वाटेल इतके. ठरावीक रकमेनंतर मालक गोड बोलून खेळणं बंद करायला लावतो, तोवर तुमची झोळी भरलेली असते.

त्या पैशांचं काय करायचं? शहराजवळ एक दवाखाना आहे. तिथली डॉक्टरीण अंगात यंत्रं बसवून देते, सातही खान्यांसाठी एकेक, प्रत्येकी ४००० कॅप्स. एक यंत्र, एक पॉइंट कायमचा. आणि तिरफळ म्हणताहेत ती मेख म्हणजे जितकं एन्ड्युरन्स तितकीच यंत्रं अंगात मावतात. एन्ड्युरन्स ३ असेल तर पैसे असूनही चौथं बसणार नाही.

म्हणून सुरुवातीला कुठलाही खाना १० करू नका. १० च्या वर जाता येत नाही, मग त्याचं यंत्र वाया. कितीही जीव टाकला तरी ९ वर थांबा.

पंचगंगा_एक्सप्रेस

लक ९ आणि ब्लॅकजॅक, नाद खुळा. मी कथा सोडून तिथेच टेबलाला चिकटून बसलो होतो. बायको म्हणाली, खोटा जुगार खेळताय म्हणून बरं.

मिश्कील_मोरी

सगळ्यांचे आकडे वाचले. आयकर विवरणपत्र भरतोय असं वाटलं. हलकेच घ्या.

हिंग_जिरं, माझं ऐकाल तर आधी माणूस ठरवा. कुरियर आहे एवढंच गेम सांगतो, बाकी कोरी पाटी. ही बाई कुठून आली, काय सहन करते, कुणाला माफ करत नाही? ते ठरलं की आकडे आपोआप पडतात. मी एकदा इंटेलिजन्स १ चा गडी खेळलो. त्याला बोलण्यात वेगळीच खुळचट वाक्यं मिळतात, समोरचे लोक चक्रावतात. इतकं हसलोय की बस. तुमच्या ४२० पॉइंटांत ती मजा नाही.

वजाबाकी

मोरी, दुसऱ्यांदा खेळणाऱ्यासाठी हे झकास. पहिल्यांदा खेळणाऱ्याला इंटेलिजन्स १ सुचवणं म्हणजे छळ आहे. स्किल पॉइंट कमी, मेडिसिन-रिपेअर-सायन्स तळाला, वर नेम दिव्य.

मिश्कील_मोरी

मी त्यांना १ ठेवा म्हटलंच नाही. आधी माणूस ठरवा म्हटलं. नीट वाचा.

तिरफळ

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. यांचा माणूस ठरलेलाच आहे की. बोलते, कुलपं उघडते, नेम धरता येत नाही. पहिल्या पोस्टमध्ये आहे सगळं.

ट्रेट्सचं कुणी बोललं नाही. जास्तीत जास्त दोन घेता येतात, एकही नाही घेतला तरी चालतो. प्रत्येकात एक देणं आणि एक घेणं. यांच्यासाठी गुड नेचर्ड उत्तम: बार्टर, मेडिसिन, रिपेअर, सायन्स, स्पीच या पाचांना ५-५ जादा, आणि मारामारीच्या पाच स्किल्समधून ५-५ वजा. त्या पाचांतली चार तर यांनी आधीच सोडलीत, म्हणजे नुकसान फक्त गन्सचं ५. इतका स्वस्त सौदा दुसरा नाही.

काळी_मैना

+१. चष्मा असेल तर फोर आइज पण गोड आहे. चष्मा घातला की पर्सेप्शन एकने वाढतं, काढला की एकने घटतं. मात्र मग हेल्मेट निवडताना बघावं लागतं.

मिश्कील_मोरी

वाइल्ड वेस्टलँड घ्याच! आकड्यांवर काही परिणाम नाही, जगात विचित्र प्रसंग आणि विनोद वाढतात.

जुनाट_डबा

पहिल्या वेळी नको. बरेचसे विनोद जुन्या अमेरिकन सिनेमा-मालिकांवरचे आहेत, आणि एक-दोन ठिकाणी शत्रू आणि बक्षीसही बदलतं. हे मूळचं की गमतीचं, ते नवख्याला कळत नाही.

निवडुंग

अवांतराबद्दल क्षमा. मी कॅलिफोर्नियात असतो, वेगासला जाताना हे गाव वाटेवरून थोडं आत आहे. गुडस्प्रिंग्स खरंच आहे! गेममधला प्रॉस्पेक्टर सलून म्हणजे तिथला पायोनियर सलून, १९१३ चा. पत्र्याच्या भिंती, समोर लाकडी ओसरी, अगदी ओळखू येतो. १९४२ च्या जानेवारीत जवळच्या डोंगरावर विमान पडून अभिनेत्री कॅरोल लोम्बार्ड गेली, तेव्हा तिचा नवरा क्लार्क गेबल याच गुत्त्यात बातमीची वाट बघत बसला होता असं तिथे सांगतात. आता फॉलआउटची मंडळी निळे कपडे घालून फोटो काढायला येतात. प्रिमही खरं आहे, राज्याच्या सीमेवर, रोलरकोस्टरसकट.

गेममध्ये अंतरं फार आखूड केली आहेत. दोन गावांमधलं खरं वाळवंट उन्हाळ्यात चालत पार करायचा विचार कुणी करू नये.

पंचगंगा_एक्सप्रेस

निवडुंग, फोटो टाका की राव!

हिंग_जिरं

वा, धागा भरभरून वाहतोय. मी सगळं गोळा करून असं ठरवलंय, तपासा:

स्ट्रेंग्थ ५, पर्सेप्शन ६, एन्ड्युरन्स ६, करिझ्मा ३, इंटेलिजन्स ७, अ‍ॅजिलिटी ६, लक ७.

टॅग: गन्स, स्पीच, रिपेअर. ट्रेट: गुड नेचर्ड, दुसरा रिकामा. (चष्मा आहे, पण हेल्मेटचा घोळ नको.)

करिझ्मा २ वर मन होईना. एक पॉइंट स्वाभिमानासाठी.

हार्डकोर मोड चालू करू का? आणि ते डॉकचे शाईच्या डागांचे प्रश्न, त्यांची उत्तरं चुकली तर?

वजाबाकी

बेरीज ४०, बरोबर. तुमच्या वतीने पुढचं मांडून बघितलं:

स्पीच २ + ६ + ४ + १५ + ५ = ३२. रिपेअर २ + १४ + ४ + १५ + ५ = ४०. गन्स २ + १२ + ४ + १५ − ५ = २८. मेडिसिन टॅग न करताही २ + १४ + ४ + ५ = २५, म्हणजे ट्रुडी आणि डॉक दोघंही पहिल्याच दिवशी खिशात. लॉकपिक १८. लेव्हल २ ला १३ पॉइंट मिळतील, त्यातले ७ तिथे टाकून २५ करा, ६ गन्सला. लेव्हल ४ ला एज्युकेटेड. पर्सेप्शन ६ आणि लक ७ आहे, म्हणजे लेव्हल १६ ला बेटर क्रिटिकल्स घेण्याची वाटही मोकळी. माझ्याकडून पास.

तिरफळ

माझ्याकडूनही. शाईच्या डागांची काळजी नको. उत्तरांवरून गेम तीन टॅग फक्त सुचवतो, तुम्ही बदलू शकता.

हार्डकोर पहिल्या वेळी बंद ठेवा. त्यात भूक, तहान, झोप सांभाळायची, गोळ्यांना वजन, औषध हळूहळू लागू पडतं, आणि साथीदार मेला की कायमचा गेला. मला स्वतःला तसंच खेळायला आवडतं. पण तुमची अजून बटणांशी ओळख व्हायचीय.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. गुडस्प्रिंग्सची हद्द ओलांडताना गेम स्वतःहून थांबवून विचारतो, कॅरेक्टर बदलायचंय का? सातही खाने, टॅग, ट्रेट्स, सगळं पुन्हा मांडता येतं. म्हणजे गावात दोन तास फिरा, सनीबरोबर गेको (मोठ्या पाली) मारा, व्हॅट्स वापरून बघा, मग ठरवा. ती वेळ आली की वेगळा सेव्ह करून ठेवा. पुढेही एकाच सेव्हवर विसंबू नका, तीन-चार आलटून पालटून ठेवत जा.

पंचगंगा_एक्सप्रेस

आणि मग दक्षिणेला! प्रिम, मोहावे आउटपोस्ट, निप्टन, नोव्हॅक, असा वळसा घालून वेगास. रस्ता लांब वाटेल पण गेम त्या वाटेने तुम्हाला हळूहळू तयार करतो. प्रिममध्ये मोडका उडता रोबो दिसेल, तो दुरुस्त करा. रिपेअर जास्त लागतं, कमी असेल तर भंगार गोळा करून आणायचं. तो बरोबर असला की शत्रू लांबूनच कळतात. माणूस एक आणि असा रोबो किंवा कुत्रा एक, असे दोघं साथीदार एकदम ठेवता येतात. नोव्हॅकला मोठ्या डायनासोरच्या तोंडात एक अबोल नेमबाज बसलेला असतो, त्याला गाठा. तुमच्या नेमाची कसर तो भरून काढेल.

हिंग_जिरं

आउटपोस्टला पोचले! डॉक आणि ट्रुडी दोघांनाही पटवलं, चेट मात्र बधला नाही, बार्टर १७ वर अडकलंय. प्रिमचा रोबो भंगार गोळा करून सुरू केला, लाडका झालाय.

आता नवी अडचण. आउटपोस्टखालच्या रस्त्यावर एक भलामोठा विंचू आहे. वार्मिंट रायफलच्या गोळ्या लागतात, पण त्याच्या नावाशेजारी लाल ढाल येते आणि जीव केसभरच कमी होतो. गन्स कमी पडतंय का?

तिरफळ

गन्सचा दोष नाही. लाल ढाल म्हणजे त्याचं कवच तुमच्या गोळीला भारी पडतंय. कवचाचा आकडा प्रत्येक गोळीच्या मारातून थेट वजा होतो. समजा गोळीचा मार १८ आणि कवच १०, तर आत पोचले ८. कवच कितीही जाड असलं तरी पाचव्या हिश्श्याइतका मार लागतोच, म्हणून केसभर का होईना जीव कमी होतोय. छोट्या गोळ्या भराभर मारून उपयोग नाही, एकेका गोळीचा मार मोठा हवा.

तीन उपाय. एक, वार्मिंट रायफल ५.५६ च्या गोळ्या घेते आणि त्यातच चिलखतभेदी गोळ्याही मिळतात. आउटपोस्टच्या दुकानात बघा, आणि कीबोर्डवर २ दाबून गोळीचा प्रकार बदला. होलो पॉइंट मात्र विंचवावर वापरू नका, त्या उघड्या अंगाच्या गेको-कोयोटीसाठी. दोन, रायफलची अवस्था किती उरलीय ते पिप-बॉयमध्ये (मनगटावरचं यंत्र) बघा. अर्ध्याखाली असेल तर दुसरी वार्मिंट रायफल शोधून रिपेअर करा, मार लगेच वाढतो. तीन, विंचू पळायला तुमच्यापेक्षा चपळ आहे पण खडकावर चढत नाही. उंच जागा धरा आणि रोबोला पुढे होऊ द्या.

काळी_मैना

चौथा उपाय, बाजूने लांबून निघून जा. त्याच्या पोटात खजिना नाहीये. विषाची पिशवी तेवढी मिळेल.